सहीवाचून अडलेली मॉरिस

हैबती उतेकराच्या खळ्यात तीन मोटारी उभ्या होत्या, आणि त्यांतली एकही रस्त्यावर नेता येत नव्हती. बेबी ऑस्टिनला इंजिनचं डोकं नव्हतं. फोर्डला गिअरबॉक्स नव्हता. आणि तिसरी, मॉरिस, तिला सगळं होतं. इंजिन हँडलच्या दुसऱ्या फेऱ्याला सुरू होत होतं, ब्रेक लागत होते, दिवेसुद्धा पेटत होते. तिला नव्हतं ते फक्त बुक. मालकाची सही असलेलं, नोंदणीचं बुक.

उतेकरांची वाडी पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर, कापडे गाव मागे पडल्यावर, रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. पुढे लगेच आंबेनळीचा घाट. लढाईच्या दिवसांत हैबतीने इटलीत सरकारी ट्रक चालवले होते आणि मोडले की स्वतः उघडून दुरुस्तही केले होते. लढाई संपली, फौजेने घरी पाठवलं, आणि तो पुन्हा भात-नाचणीच्या मागे लागला. पण कान मात्र रस्त्याकडे राहिला. वैशाखात मुंबईची माणसं जुन्यापान्या मोटारी घेऊन महाबळेश्वरला निघायची. हैबती नांगर धरल्या धरल्या आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "ही चढेल." नाहीतर, "ही नाय जायची. दुसऱ्या वळणाला बसंल." बहुतेक वेळा तसंच व्हायचं.

कुणाला शर्यतीच्या बैलांचा नाद असतो, कुणाला भजनाचा. हैबतीला लागला तो मोडक्या मोटारींचा. नवी मोटार घ्यायची त्याच्या बापजन्मात ऐपत नव्हती, पण घाटात दम तोडलेली, मालकाच्या मनातून उतरलेली गाडी एखाद्या म्हशीपेक्षाही स्वस्तात मिळायची. पेंढ्याच्या मांडवाखाली तो त्या गाड्या ओळीने लावायचा, पावसाळ्याआधी लोखंडाला करंजाचं तेल चोपडायचा, आठवड्याला चाकं थोडी फिरवून ठेवायचा. वाडी हसायची. त्याची बायको तुळजाबाई हसत नसे. तिने ऑस्टिनच्या मागच्या सीटवर कुळथाची पोती ठेवायला सुरुवात केली होती, आणि ती कुणी हलवायची नाहीत.

मॉरिस आली ती त्रेपन्न सालच्या मे महिन्यात. महाडचे वकील श्रीधरपंत कारखानीस आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई महाबळेश्वरला निघाले होते. घाटात एका वळणावर गाडीतून आधी वाफ, मग धूर आणि मग मोठा खडखडाट झाला, आणि ती जागीच थांबली. हैबती खबर लागताच वर गेला. वकीलसाहेब घामाने निथळत होते, आणि बाई छत्री धरून कठड्याच्या दगडावर बसल्या होत्या. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

हैबतीने बॉनेट उघडलं आणि हात लावायच्या आधीच मागे घेतला.

"साहेब, हिच्यात पाण्याचा थेंब नाय."

"पाणी होतं रे. आटलं असेल," श्रीधरपंत फणकारले. "गाडीच दळभद्री आहे. खटारा! तूच ना तो मोडक्या गाड्या घेणारा? घे. काय द्यायचं ते दे आणि ही पीडा माझ्या डोळ्यांपुढून ने."

"रागात नका देऊ साहेब. उद्या वाईट वाटंल."

"मला शहाणपण शिकवू नकोस."

हैबतीने घरी जाऊन पैसे आणले. वकिलांनी न मोजता खिशात टाकले. "बुक महाडला आहे. ये कधीतरी, सही करून देतो," एवढं म्हणून त्यांनी वरून महाडकडे उतरणाऱ्या एस.टी.ला हात केला. गोदावरीबाई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. एस.टी. निघाली तेव्हा त्या खिडकीतून मोटारीकडे बघत होत्या, हे हैबतीला दिसलं. पण त्याला वाटलं, प्रवास फुकट गेला म्हणून बघत असतील.

बैलजोडी लावून मॉरिस खळ्यात आली, आणि पुढची तीन वर्षं तिच्यापायी हैबती रडकुंडीला आला. इंजिनचं डोकं तापून वाकलं होतं. ते त्याने जाड काचेवर घासून घासून सपाट केलं. रेडिएटरमध्ये क्षार चिकटून वाट बुजली होती. त्यात त्याने आमसुलाचं कढत पाणी भरून ठेवलं, ओतलं, पुन्हा भरलं. पण इंजिन आणि डोकं यांच्यामध्ये बसणारं गॅस्केट कुठून आणायचं? परदेशातून सुटे भाग येणं जवळजवळ बंद झालेलं. मुंबईला गिरणीत त्याचा भाऊ मुरारी होता. त्याने चोरबाजारातून एक गॅस्केट पाठवलं. ते निघालं ऑस्टिनचं. दुसरं पाठवलं, ते मॉरिसचंच, पण मोठ्या मॉरिसचं. तिसऱ्या वेळी हैबतीने जुन्या गॅस्केटचा कागदावर ठसा काढून पाठवला. ते बरोबर आलं, पण टपालात दुमडून. त्या दिवशी त्याने हातातला पाना असा भिरकावला की तो शेजारच्या कोंबड्यांत पडला आणि संध्याकाळपर्यंत सापडला नाही.

छप्पनच्या दसऱ्याला मॉरिस सुरू झाली. झेंडूची माळ घालून, नारळ फोडून हैबतीने हँडल मारलं आणि इंजिन असं धरलं की तुळजाबाईसुद्धा पदराला हात पुसत बाहेर आली. त्याच आनंदात तो गाडी घेऊन पोलादपूरला गेला, आणि नाक्यावर जमादाराने हात आडवा केला.

"लायसन?"

लायसन होतं.

"बुक?"

"वकीलसाहेबांकडं हाय. सही बाकी हाय."

"मग गाडी वकीलसाहेबांची. तू का चालवतोस?" जमादार भला होता म्हणून त्याने गाडी अडकवली नाही. "परत घरी ने. बुक नावावर झाल्याशिवाय रस्त्यावर दिसलास तर मी सोडणार नाही."

तेव्हापासून चालती गाडी खळ्यात गोल फिरू लागली. इंजिन जाम होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा हैबती ती सुरू करायचा आणि खळ्याला पाच-सात फेरे घालायचा. दुसऱ्या गिअरमध्ये टाकेपर्यंत वळण यायचं. तुळजाबाई पडवीतून म्हणायची, "एवढं पेट्रोल जाळून गोल फिरायचं! बैल जुंपले असते तर तेवढ्यात नाचणी मळून झाली असती." हैबती आणखी एक फेरा घालायचा. 

दर बाजाराच्या दिवशी तो महाडला जायचा आणि वकिलांच्या ओटीवर बसायचा. जाताना कधी फणस, कधी कुळीथ, कधी रायवळ आंब्यांची पाटी. श्रीधरपंत ते घ्यायचे आणि म्हणायचे, "अरे हैबती, सही काय पळून जाते का? आज कोर्टात तारीख आहे. पुढच्या आठवड्यात ये." पुढच्या आठवड्यात कपाटाची किल्ली सापडत नसे. त्याच्या पुढे गणपती येत. मग दिवाळी. मग वकिलांना पडसं व्हायचं. एकदा त्यांनी बुक मुलाकडे पुण्याला गेल्याचं सांगितलं. मोटारीचं बुक पुण्याला कशाला जाईल, हे हैबतीला कळेना. पण वकिलाला उलट कसं विचारायचं? फौजेत साहेबाने 'थांब' म्हटलं की तो थांबत आला होता. इथेही तो थांबला. अशी तीन वर्षं गेली. तिथून परतताना एस.टी.त त्याच्या तोंडात शिव्या यायच्या आणि तो त्या गिळायचा, कारण शेजारी कुणी ना कुणी ओळखीचं असायचंच.

एकोणसाठच्या मार्गशीर्षात त्याचा धीर सुटला. वकिलांना न विचारता तो सरळ नोंदणी कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, नंबर विचारला, जाडजूड वही काढली आणि पानावर बोट ठेवलं.

"कोण म्हणालात? श्रीधर कारखानीस?"

"व्हय. महाडचे वकील."

"त्यांच्या सहीने काही होणार नाही. गाडी त्यांच्या नावावर नाहीच. गोदावरी श्रीधर कारखानीस अशी नोंद आहे."

हैबतीने कारकुनाला तीनदा वाचायला लावलं. मग तो बाहेर येऊन पायरीवर बसला. तीन वर्षं तो भलत्याच दाराशी बसला होता! आणि त्या दारातल्या माणसाला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी महाडला उतरून तो आधी कोर्टात गेला. श्रीधरपंत कागदांचं बाड घेऊन व्हरांड्यातून येत होते.

"साहेब, गाडी तुमची नव्हतीच."

वकिलांनी इकडेतिकडे बघितलं. "हळू बोल. अरे, नवराबायकोत तुझं-माझं असतं का?"

"हे कोर्टात सांगाल का साहेब? जजसाहेबांपुढं?"

श्रीधरपंतांचा चेहरा पडला. "ती सही करत नाही," ते अखेर म्हणाले. "मी सांगून बघितलं. तूच विचार." आणि पुकारा झाल्यासारखे ते घाईने आत निघून गेले.

हैबती तडक त्यांच्या घरी गेला. गोदावरीबाई ओटीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी त्याला पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"तुम्ही माझ्याकडे यायला फार वर्षं लावलीत, उतेकर."

"मला कुणी सांगितलंच नाय बाईसाहेब."

"मलाही कुणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "ती गाडी माझ्या वडिलांची. त्यांना मुलगा नव्हता. जायच्या आधी माझ्या नावावर करून गेले. मी काही ती विकली नाही. तुम्ही ज्यांच्याकडून घेतली त्यांची ती नव्हती."

"मी पैसं दिलंय. तीन वर्षं हातानं घासलीय मी ती."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर गाडी परत मागत नाही. पण सही करणार नाही."

हैबती उठून उभा राहिला. "परत घेत नाय, सही देत नाय. मग मी करू तरी काय? खळ्यात गोल फिरवत बसू जन्मभर?"

 मग त्यांनी विचारलं, "घाट चढेल ती?"

"चढंल."

"मला आणि ह्यांना घेऊन?"

"चढंल की! उद्या नेतो."

"उद्या नको. वैशाखात. तेव्हा वैशाख होता, उन्हाचा. तसाच वैशाख हवा. ज्या वळणावर ती बंद पडली तिथपर्यंत आम्हाला दोघांना न्या. मग सहीचं बघू."

वैशाखाला पाच महिने होते. हैबतीने हात जोडले आणि निघाला. घरी येऊन त्याने पाण्याची बादली लाथेने उडवली. तुळजाबाईने बादली उचलून जागेवर ठेवली, सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाली, "त्या बाईचं काय तरी घरातलं हाय. तुमच्या मोटारीचं नाय ते."

"घरातलं असंल तर घरात मिटवावं! माझी गाडी कशाला अडवून धरायची?"

"गाडी त्यांचीच हाय नव्हं?" तुळजाबाई म्हणाली. त्यावर तो जेवला नाही.

पाच महिन्यांत त्याने मॉरिस चार वेळा उघडली आणि चार वेळा जोडली. प्लग घासले, नळ्या बदलल्या, पंख्याचा पट्टा मुरारीकडून नवा मागवला. खात्री असूनही रोज काहीतरी मनात यायचं. नेमकी त्या दिवशी बसली तर?

ठरल्या दिवशी कारखानीस नवराबायको सकाळच्या एस.टी.ने वाडीच्या फाट्यावर उतरले. ऊन तेव्हापासूनच चटकत होतं. श्रीधरपंत डोक्याला रुमाल गुंडाळून, नाइलाजाने आल्यासारखे उभे होते. गोदावरीबाईंच्या हातात कापडी पिशवी होती. गाडी बघून त्या जवळ गेल्या, दारावर हात ठेवला आणि पुढच्या सीटवर बसल्या. वकील मागे बसले. हैबतीने त्यांच्या पायांशी पाण्याचे दोन डबे ठेवले.

घाट सुरू झाला. मॉरिस दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत चढायला लागली. हैबतीचा एक कान इंजिनकडे होता आणि दुसऱ्या कानात मागून वकिलांचं चाललं होतं. "पहिला टाक. अरे, पहिला टाक आता. वळणावर हॉर्न दे." हैबती दात आवळून चालवत राहिला. पहिल्या सावलीला त्याने गाडी थांबवली, इंजिन निवू दिलं, फडक्याने झाकण उघडून पाणी घातलं.

"चाललीय ना नीट? मग थांबलास कशाला?" श्रीधरपंत म्हणाले. "अशा चालीने दुपार होईल."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात," गोदावरीबाई समोर बघत म्हणाल्या.

 हैबतीने झाकण लावलं. दोन मैलांवर तो पुन्हा थांबला, पुन्हा पाणी घातलं.  आणि मग ते वळण आलं. त्याने न विचारता गाडी कठड्याशी घेतली. खाली दरीत सगळं करपून पिवळं पडलं होतं.

गोदावरीबाई उतरल्या. वकीलही उतरले.

"झालं समाधान?" श्रीधरपंत म्हणाले. "आली गाडी. आता सही करून टाक आणि मोकळं कर बिचाऱ्याला."

"उतेकर," बाई म्हणाल्या, "तुम्ही हिचं इंजिन उघडलंत. आत काय सापडलं?"

हैबती घुटमळला. एका बाजूला वकील, एका बाजूला बाई. सही बाईंच्या हातात, पण महाडच्या वकिलाला दुखवून तालुक्यात कुणाचं भलं झालं होतं?

"खरं सांगा," बाई म्हणाल्या.

"पाण्यावाचून चालवली होती," हैबती म्हणाला. "थोडी नाय. निदान दोन मैल. डोकं वाकलं होतं, बेअरिंग वितळलं होतं. गाडीत खोट नव्हती."

"तुला कुणी विचारलं रे?" श्रीधरपंत एकदम उसळले. "ड्रायव्हर तो ड्रायव्हर, आणि चाललाय साक्ष द्यायला!"

आणि हैबतीचं इतक्या वर्षांचं गिळलेलं सगळं वर आलं.

"मी साक्ष द्यायला नाय आलो साहेब! मी सहीला आलोय. साडेतीन वर्षं येतोय. तुमच्या ओटीची फरशी झिजली माझ्या बुडाखाली. फणस खाल्ले, आंबे खाल्ले, आणि सांगितलं काय, तर बुक पुण्याला गेलं! तुमचं दोघांचं जे काय असंल ते मला ठाऊक नाय आणि ऐकायचंही नाय. माझी चालती गाडी खळ्यात सडली. माणसं हसतात मला. ह्यात माझा गुन्हा काय होता, ते सांगा. मी म्हणत होतो, रागात देऊ नका. ह्याच दगडापाशी म्हणालो होतो!"

त्याचा आवाज दरीत घुमला. त्याला स्वतःलाच लाज वाटली आणि तो बॉनेटकडे वळून उगाच नळी चाचपत राहिला. ती चटका बसण्याइतकी गरम होती, पण त्याने हात काढला नाही.

 मग मागून वकिलांचा आवाज आला, कोर्टातला नव्हे, अगदी साधा.

"तू म्हणत होतीस पाणी घाला. दोनदा म्हणालीस. मी ऐकलं नाही." ते थांबले. "आणि तुला न विचारता गाडी देऊन टाकली. तुझ्या वडिलांची, नानांची गाडी. मला उशीर होत होता म्हणून नव्हे. माझी चूक दिसत होती, म्हणून ती डोळ्यांपुढे नको होती."

 गोदावरीबाईंनी पिशवीतून बुक काढलं. त्यात विक्रीचा छापील कागद आधीच भरून ठेवलेला होता, हैबतीचं नाव, गाव, सगळं नीट अक्षरात. त्या म्हणाल्या, "पेन द्या." श्रीधरपंतांनी खिशातून पेन काढून दिलं. बाईंनी कठड्याच्या दगडावर कागद ठेवून सही केली, शाई वाळेपर्यंत वारा घातला आणि तो हैबतीच्या हातात दिला.

"तुमच्यावर अन्याय झाला, उतेकर. आमच्या दोघांचा राग तुमच्यावर निघाला. पण हे ऐकल्याशिवाय मला सही करवत नव्हती."

हैबतीला वाटलं होतं, हा कागद हातात आला की नाचावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. त्याने तो घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "वर जायचं का खाली?"

"वर," गोदावरीबाई म्हणाल्या. "महाबळेश्वर राहिलंय."

तो त्यांना महाबळेश्वरपर्यंत घेऊन गेला. आता श्रीधरपंत पुढे बसले होते आणि बाई मागे, खिडकीतून बाहेर बघत. वर गेल्यावर त्यांनी त्याला चहा पाजला, आणि रात्री इथेच राहणार, उद्या एस.टी.ने जाऊ म्हणाले. निरोप घेताना वकिलांनी स्टिअरिंगवर बोट फिरवलं आणि विचारलं, "बाजारपेठेपर्यंत जरा मी चालवू का रे?"

"नाय साहेब," हैबती म्हणाला आणि दार लावून घेतलं.

उतारावर एकटा येताना त्याला राग शांत होईल असं वाटत होतं, पण तो वाढतच गेला. एक वाक्य! ते वाक्य वकिलांनी सात वर्षांपूर्वी एस.टी.त बसल्या बसल्या बोलून टाकलं असतं, तर त्याचे किती बाजार, किती भाडी, किती पावसाळे वाचले असते.

आषाढ लागायच्या आत बुक त्याच्या नावावर होऊन आलं. जमादाराने ते उलटसुलट बघितलं आणि सलाम ठोकला. पाऊस उघडल्यावर तुळजाबाईने पहिल्यांदाच स्वतःहून गाडीचं नाव काढलं. तिचे गुडघे धरले होते आणि महाडजवळ सवला गरम पाण्याचं कुंड आहे, त्यात तिला बसायचं होतं. हैबतीने तिला पुढे बसवलं. महाडात वकिलांच्या घरावरून जाताना ओटीवर बसलेल्या श्रीधरपंतांनी हात वर करून थांबायची खूण केली.

"बोलावतायत," तुळजाबाई म्हणाली.

"दिसलं," हैबती म्हणाला आणि गिअर बदलला.

सवला पोचल्यावर ती कुंडात पाय सोडून बसली. तो सावलीत गाडी लावून चाकांचा चिखल पुसत राहिला. येणारीजाणारी माणसं थांबून विचारत होती, कुठली गाडी, केवढ्याला घेतली, विकायची आहे का. पहिल्या तिघांना त्याने नीट उत्तरं दिली. चौथ्याला त्याने 'विकायची नाय' अशी फक्त मान हलवली.